छोट्या धंद्यात मालकाचा वेळ : यंत्रावर काय सोपवावे, माणसावर काय?

उद्योगधंद्याचा विषय निघाला की चर्चा भांडवलापासून सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. कर्ज कोठून काढावे, जामीन कोण राहील, गाळा कोणत्या रस्त्यावर घ्यावा, यावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. परंतु धंदा सुरू झाल्यावर मालकाजवळची जी वस्तू सर्वांत आधी संपते ती म्हणजे त्याचा वेळ. प्रस्तुत लेखात आम्ही एवढाच एक मुद्दा घेतला आहे.

उदाहरणादाखल छपाई व झेरॉक्सचे दुकान घेऊ. कॉलेजच्या आसपास अशी दुकाने सर्वांनीच पाहिलेली असतात. सकाळी शटर उघडल्यापासून मालक लग्नपत्रिकेचा मजकूर टाइप करतो, प्रूफ वाचतो, मध्येच उठून दोन पानांची झेरॉक्स काढून देतो, कागदाच्या दुकानात जाऊन येतो, फोन घेतो, उधारी मागतो आणि रात्री गल्ला मोजून वही लिहितो. नातेवाईक त्याला कष्टाळू म्हणतात. तो कष्टाळू असतोच. पण तो तापाने अंथरुणाला खिळला की दुकान बंद पडते, कारण भाव त्याच्या डोक्यात, उधारी त्याच्या डोक्यात आणि कोणत्या गिऱ्हाइकाला काय कबूल केले तेही त्याच्याच डोक्यात!

यावर बहुतेक घरांत एकच तोडगा निघतो. शाळा-कॉलेजातून आलेल्या मुलाला गल्ल्यावर बसवायचे आणि घरचे आटोपून आलेल्या पत्नीला पत्रिका मोजायला लावायच्या. याला कामाची वाटणी म्हणणे आम्हांस मान्य नाही. बारावीच्या वर्षात रोज संध्याकाळचे तीन तास काउंटरवर गेले तर त्याची किंमत कोणत्याही वहीत मांडली जात नाही, पण ती त्या मुलाला पुढे चुकवावी लागते. पत्नी धंद्यात राबत असेल तर तिचा वाटाही हिशेबात दिसला पाहिजे.

मग करावे काय? प्रथम एक आठवडा छोटी वही जवळ ठेवून कोणत्या कामाला किती मिनिटे गेली ते लिहावे. हे कंटाळवाणे आहे, तरी त्यावाचून पुढचे सारे अंदाजपंचे होते. समजा, “पत्रिकेचा भाव काय?” या एका प्रश्नाला उत्तरे देण्यात रोज ४० मिनिटे जात आहेत. महिन्याच्या २६ दिवसांत हे १७ तासांहून अधिक झाले. येथे यंत्र नको की माणूसही नको. भावाचा फलक आणि नमुन्यांचा एक अल्बम दर्शनी लावला की यातले बरेचसे काम उरतच नाही. मुळात जे काम करण्याची गरज नाही, ते यंत्राकडून करून घेणे हा शहाणपणा नव्हे.

यंत्राकडे द्यायचे काम ओळखण्याची खूण सोपी आहे : जे रोज त्याच पद्धतीने होते आणि ज्यात निर्णय घ्यावा लागत नाही, ते. हिशेब हे त्याचे ठळक उदाहरण. आज घरोघरच्या कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना माहीत असलेली ‘टॅली’ ही संगणक-प्रणाली अशाच गरजेतून जन्मली. गिरण्या-कारखान्यांना माल पुरवणारे श्यामसुंदर गोयंका यांना आपल्या हिशेबासाठी मनासारखी प्रणाली मिळेना, तेव्हा त्यांनी मुलगा भरत यास ती तयार करावयास सांगितले. त्यातून १९८६ मध्ये कंपनी उभी राहिली, आणि भरत गोयंका यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. 

२०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून सुट्ट्या पैशांची घासाघीस कमी झाली. जमा रक्कम मोठ्याने सांगणारा साउंडबॉक्स काउंटरवर असला की प्रत्येक वेळी मालकाने मोबाइल पाहण्याचे कारण उरत नाही, आणि मोबाइल नोकराच्या हाती देण्याचेही नाही. २०१८ मध्ये आलेल्या व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये दुकान बंद असतानाचा निरोप, ठरावीक प्रश्नांची तयार उत्तरे व नमुन्यांची यादी ठेवता येते. प्रूफ त्यावर पाठवून गिऱ्हाइकाकडून “मंजूर” असे लेखी उत्तर घेण्याची शिस्त लावली, तर मामांचे नाव आत्याच्या खाली छापले गेले म्हणून होणारे तंटे वाचतात. जीएसटीचे विवरणही वार्षिक उलाढाल ५ कोटींपर्यंत असल्यास जानेवारी २०२१ पासून तिमाहीने भरण्याची सोय आहे. कर मात्र दरमहा भरावा लागतो, हे विसरू नये. 

येथे एक सावधगिरी. वहीत भाव चुकला तर एक बिल चुकते. संगणकात चुकला तर तो दुरुस्त होईपर्यंतची सारी बिले चुकतात. म्हणून आधी कामाची रीत कागदावर पक्की करावी, मग ती यंत्रात घालावी.

आता माणसाकडे येऊ. आम्ही पाहतो की येथेच बहुतेकांचे पाऊल अडते. “मी केल्यासारखे दुसऱ्याला जमत नाही,” हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकू येते. ते पहिल्या महिन्यात खरेही असते. परंतु त्या दुसऱ्याला सांगितले काय होते? “जरा बघ दुकानाकडे,” एवढेच! मुंबईच्या डबेवाल्यांकडे पाहावे. १८९० मध्ये महादू हवजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या कामात एक डबा वाटेत अनेक हातांतून जातो, तरी नेमका पोहोचतो, कारण कोठे जायचे ते झाकणावरच्या खुणेत लिहिलेले असते. कोणा एकाच्या स्मरणावर ते अवलंबून नसते. छपाईच्या दुकानात ही खूण म्हणजे ऑर्डरचा कागद : नाव, प्रती, कागदाचा प्रकार, कबूल तारीख, आगाऊ रक्कम. हा कागद पाकिटाला चिकटलेला असला की कालच कामाला लागलेला मुलगाही काम पुढे नेऊ शकतो.

काम सोपवताना ते पूर्ण सोपवावे. कटिंग व बांधणी एकाकडे दिली तर त्याला तारीखही द्यावी आणि ठरावीक रकमेपर्यंतची सामान-खरेदी विचारल्यावाचून करण्याची मुभाही द्यावी. पन्नास रुपयांच्या डिंकासाठी मालकाला फोन करावा लागत असेल, तर काम सोपवलेलेच नाही. सुरुवातीला रोज, मग आठवड्याने तपासावे. चूक झाल्यास गिऱ्हाइकासमोर बोलू नये. आणि जास्त जबाबदारीबरोबर पगारही वाढवावा. फुकटच्या जबाबदारीवर माणूस टिकत नाही, शिकला की समोरच दुकान टाकतो. (त्याने टाकलेच तर तेही वाईट नाही, असे आमचे मत आहे.)

काही गोष्टी मात्र कोणालाही देऊ नयेत. कोरे सही केलेले चेक, यूपीआयचा पिन, मोबाइलवर येणारा ओटीपी. विवरण सल्लागाराने भरले तरी आकडे आपले असतात आणि नोटीसही आपल्याच नावाने येते. म्हणून भरण्यापूर्वी एकदा वाचावे. बँकेत एक कर्मचारी नोंद करतो आणि दुसरा ती मंजूर करतो. दोन माणसांच्या दुकानातही पैसे घेणारा एक आणि रात्री ताळा जुळवणारा दुसरा, एवढे करता येते. यात अविश्वासाचा प्रश्न नाही. उलट पैसे कमी भरले तर भलत्यावर संशय येत नाही.

विद्यार्थी मित्रांना एक सुचवावेसे वाटते. वडिलांच्या वा काकांच्या दुकानात रोज काउंटरवर बसण्याऐवजी एका रविवारी त्यांची उधारीची वही मोबाइलमधल्या तक्त्यात उतरवून द्या. नाव, तारीख, रक्कम, किती दिवस झाले, एवढे चार रकाने पुरेत. चौथा रकाना तक्ता आपोआप मोजतो, आणि तीस दिवसांवरची नावे वेगळी काढता येतात. ज्यांना फोन करायचा त्यांची यादी सोमवारी सकाळी तयार असते. जुनी वही मात्र लगेच बंद करू नये. दोन महिने दोन्हीकडे लिहावे आणि आकडे जुळू लागले म्हणजे मग ती कपाटात ठेवावी.