दोन लिटरची रात्र

‘खालून दुर्बीण घालून बघू,’ असं डॉक्टर म्हणाले, की माणसाला धास्ती बसते ती टेबलाची. मलाही बसली होती. प्रत्यक्षात टेबलावरचा अर्धा तास मला आठवतच नाही. आठवते ती आदली रात्र.

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब. त्याच्या अस्तरावर चार-पाच मिलिमीटरचा कोंब उगवला असेल, तर तो सापडायला भिंत घासलेल्या ताटासारखी हवी. मळाआड काय लपलंय ते निष्णात डॉक्टरलाही दिसत नाही. आतडं नीट साफ नसेल तर तपासणी पुन्हा करावी लागते. म्हणजे निम्मं काम पेशंटचंच.

ते दोन-तीन दिवस आधी सुरू होतं. पालेभाज्या, कोंडा, सालं, बिया बंद. आमच्या घरी ‘हलकं खा’चा अर्थ ‘उपास’ असा लागला आणि वहिनीनं कौतुकानं साबुदाण्याची खिचडी पुढे केली. तिच्यातलं दाण्याचं कूट आणि जिरं हेच तर नको होतं! पेरू, टोमॅटो, वांगं, तीळ यांचंही तेच. बी आतड्याच्या घडीत दडते, नाहीतर दुर्बिणीची शोषनळी तुंबवते. आदल्या दिवशी फक्त आरपार दिसेल असं पातळ: शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, कोरा चहा. कोकम सरबत मात्र नाही, त्याचा लाल रंग आत रक्तासारखा भासतो. लोहाच्या गोळ्यांनी मळ काळा, चिकट होतो, म्हणून त्या साधारण आठवडाभर आधी थांबवतात. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या औषधांचं डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं, आपल्या मनानं नाही.

मग पावडर. पॉलिइथिलीन ग्लायकॉल रक्तात जवळजवळ शोषलं जात नाही. पाणी धरून ठेवतं आणि सगळं वाहून नेतं. सोबतचे क्षार शरीरातल्या क्षारांचा तोल राखतात. चव म्हणजे लिंबाचा वास दिलेलं समुद्राचं पाणी. गार करून, स्ट्रॉनं, दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास. दोन लिटरपैकी एक मी संध्याकाळी संपवला, दुसरा पहाटे. पहाटेचा टाळावासा वाटतो, पण रात्रभरात लहान आतड्यातून पित्त आणि स्राव पुढे उतरून उजवी बाजू पुन्हा माखते, ती त्यानंच धुतली जाते. तासाभरात पोट गुरगुरलं आणि पुढे मी संडासातच पेपर वाचून काढला. शेवटी नुसतं पिवळसर, नितळ पाणी पडलं, तेव्हा सुटलो.

हॉस्पिटलात मागून उघडा गाऊन, हाताला सलाईन, डावी कूस, गुडघे पोटाशी. झोपेचं औषध गेलं आणि मी गेलो. दुर्बीण आधी अपेंडिक्सच्या तोंडापर्यंत नेतात. खरं बघणं होतं ते ती मागे घेताना, आणि त्याला किमान सहा मिनिटं द्यावीत असा संकेत आहे. कोंब दिसला तर तारेच्या फासानं तिथंच काढतात. दुखत नाही, कारण अस्तराला कापल्याची वेदना कळत नाही. न्यूयॉर्कमध्ये वुल्फ आणि शिन्या यांनी 1969 मध्ये ही युक्ती केली नसती, तर त्यासाठी पोट उघडावं लागलं असतं.

आतड्याला भोक पडण्याचा धोका अगदी थोडा, पण आहे. घरी गेल्यावर पोट असह्य दुखलं, ताप आला किंवा बरंच रक्त गेलं तर लगेच परत यायचं. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, कुठल्या कागदावर सही करायची नाही. सोबत माणूस हवाच.

आत भरलेली हवा बाहेर पडेपर्यंत पोट नगाऱ्यासारखं. ‘काका, गॅस पास झाला का?’ नर्सनं अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा माझ्याआधी पोटानंच उत्तर दिलं.