दहातून एक गेला

१९६२ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत नरी कॉन्ट्रॅक्टर यांचा भारतीय संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होता. बार्बाडोसला ग्रिफिथचा चेंडू कॉन्ट्रॅक्टरांच्या डोक्यास लागला आणि त्यांच्यासाठी फ्रँक वॉरेलने आपले रक्त दिले, ही हकीकत जुन्या क्रिकेटप्रेमींच्या तोंडी अजून असते. पाचही कसोट्या आपण हरलो. पण त्याच दिवसांत वेस्ट इंडीज नावाचा दुसराही एक संघ, म्हणजे तिथले संघराज्य, शेवटच्या घटका मोजीत होते, इकडे आपल्यापैकी कितीजणांचे लक्ष गेले असेल? ३१ मे १९६२ रोजी ते संपले. ते का संपले, हा आजचा विषय.

हे संघराज्य ३ जानेवारी १९५८ रोजी स्थापन झाले. त्यात ब्रिटिशांच्या दहा वसाहती होत्या : जमेका, त्रिनिदाद व टोबॅगो, बार्बाडोस आणि सात लहान. जमेका आणि त्रिनिदाद यांच्यामध्ये सुमारे हजार मैलांचा समुद्र. निम्म्याहून अधिक लोकसंख्या व निम्म्याहून अधिक भूमी एकट्या जमेकाची. पण ४५ जणांच्या प्रतिनिधिसभेत जमेकाला जागा १७, त्रिनिदादला १०, बार्बाडोसला ५ आणि इतरांना मिळून १३. जमेकाचे नॉर्मन मॅन्ली आणि त्रिनिदादचे एरिक विल्यम्स हे दोघे मोठे पुढारी आपापल्या बेटावरच राहिले. केंद्राचे पंतप्रधानपद बार्बाडोसच्या ग्रँटली ॲडम्स यांच्याकडे गेले. कर्ते भाऊ आपापल्या वाड्यात आणि सामाईक घराच्या किल्ल्या तिसऱ्याच्या कमरेला, असा हा संसार! त्यातून केंद्राला पहिली पाच वर्षे आयकर बसविण्याची मुभा नव्हती. त्याचा खर्च घटकांच्या वर्गणीवर चाले.

केंद्र बळकट असावे असे त्रिनिदादचे म्हणणे. जमेकाला ते दुबळे हवे होते, कारण नुकते उभे राहिलेले आपले उद्योगधंदे केंद्राच्या करांखाली चिरडले जातील ही तिची धास्ती. पुढे केंद्र मागील तारखेपासूनही कर बसवू शकेल, असे ॲडम्स यांनी बोलून दाखविले तेव्हा जमेकात एकच गहजब उडाला. मॅन्लींचे चुलतबंधू आणि राजकीय प्रतिस्पर्धी बुस्तामांते यांनी १९६० मध्ये संघराज्याला उघड विरोध पुकारला, आणि मॅन्लींनी सार्वमताची घोषणा केली. त्याआधीच, जानेवारी १९६० मध्ये, जमेकाला एकट्याने स्वातंत्र्य मिळू शकेल काय याची चौकशी त्यांनी लंडनला जाऊन केली होती. उत्तर होकारार्थी आले होते.

१९६१ च्या लंडन परिषदेत जमेकाला राखण्यासाठी घटना सैल करण्यात आली. तिच्या जागा वाढविल्या. आयकर आणि उद्योगधंदे यांना तिच्या संमतीवाचून केंद्राने हात लावू नये, अशी तजवीज झाली. इतके करूनही १९ सप्टेंबर १९६१ च्या सार्वमतात जमेकाच्या मतदारांपैकी ५४ टक्क्यांनी संघराज्याविरुद्ध कौल दिला.

माझ्या मते खरा कसोटीचा क्षण यानंतरचा होता. घटना सैल केली होती ती जमेकासाठी, आणि आता जमेकाच नव्हती. मग उरलेल्या नऊ जणांनी बसून त्रिनिदादला हवी होती तशी बळकट घटना नव्याने का लिहिली नाही? मोठा अडथळा दूर झाला होता. आर्थर ल्युईस (पुढे १९७९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे) यांनी त्यासाठी बेटोबेटी फिरून खटपटही केली. परंतु विल्यम्स यांनी आपले गणित मांडले : दहातून एक गेला की बाकी शून्य. या गणिताला हसण्यात अर्थ नाही. जमेका गेल्यावर खर्चाचा मोठा वाटा तेल पिकविणाऱ्या त्रिनिदादवर पडणार होता, आणि लहान बेटांतील माणसे कामधंद्यासाठी तिकडेच येणार, ही भीतीही होती. मात्र माझा त्यांच्यावर आक्षेप असा की, बळकट केंद्राची बाजू सर्वांत हिरीरीने मांडणारा हाच गृहस्थ. ते घडविण्याची वेळ आली तेव्हा तो हिशेबाची वही घेऊन बसला. जानेवारी १९६२ मध्ये त्रिनिदादही बाहेर पडले. आमच्यात विलीन व्हायचे तर या, एवढे आमंत्रण त्याने ठेवले. ग्रेनाडाने ते मनावर घेतले, पण त्यातून काही निष्पन्न झाले नाही.

मग उरलेल्या आठांचे संघराज्य करण्याचा घाट घातला गेला. तोही बारगळला, आणि ३० नोव्हेंबर १९६६ रोजी बार्बाडोस एकटेच स्वतंत्र झाले.

ही वजाबाकी येथे थांबली असती तर विल्यम्स खरे ठरले असते. परंतु बेटांना जोडणारी, कॅनडाने दिलेली दोन जहाजे संघराज्य मोडल्यावरही फिरत राहिली. विद्यापीठ सामाईक राहिले. आणि क्रिकेट तर सर्वांना ठाऊकच आहे. जी राजधानी व्हावी म्हणून सर्वांनी हट्ट धरला होता, परंतु अमेरिकन आरमारी तळामुळे जी हाती आली नाही, त्या त्रिनिदादमधील चागुआरामास येथेच १९७३ मध्ये कॅरिबियन समूहाचा करार झाला. करार करणाऱ्यांत त्रिनिदाद होते, आणि जमेकाही!

त्याहून मला नवल वाटते ते सात लहानग्यांचे. ज्यांना सभेत दोन-दोन जागा होत्या (माँटसेराटला तर एकच), त्या बरोबर सातांनी १९८१ मध्ये बासतेर येथे करार करून पूर्व कॅरिबियन राज्यांची संघटना उभी केली. त्यांचे चलन एक आहे, आणि अपिलाचे न्यायालयही एक. मोठे तिघे गेल्यावर ज्यांची बाकी शून्य धरली होती, ते हे सात.

यांच्यातील सेंट किट्स आणि नेव्हिस या जोडीने १९८३ च्या आपल्या घटनेत बाहेर पडण्याचे दार आधीच लिहून ठेवले : नेव्हिसला निघायचे तर सार्वमतात दोनतृतीयांश मते हवीत. १० ऑगस्ट १९९८ रोजी तसे सार्वमत झाले. निघण्याच्या बाजूने ६२ टक्क्यांच्या आसपास मते पडली. एवढ्या मतांनी जमेका केव्हाच निघून गेली असती. नेव्हिस आजही संघात आहे.