पैज मध्येच मोडावी का?

2 मे 2016 रोजी इंग्लंडमधील लेस्टर सिटी हा फुटबॉल संघ प्रीमियर लीगचा विजेता ठरला. आदल्या हंगामात तो वीस संघांत चौदावा आला होता आणि खालच्या गटात घसरता घसरता वाचला होता. म्हणून 2015 चा हंगाम सुरू होताना तिथल्या बुकींनी त्याच्या विजेतेपदाला एकास पाच हजार असा भाव दिला होता. (इंग्लंडमध्ये अशा पैजा कायदेशीर आहेत. आपल्याकडे नाहीत, शिवाय पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये केला.) एका माणसाने लेस्टरवर 50 पाउंड लावले. संघ जिंकला तर अडीच लाख पाउंड मिळायचे होते.

मार्च 2016 मध्ये लेस्टर गुणतक्त्यात पहिला होता, पण बरेच सामने बाकी होते. मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडता येते, तशी तिथे पैजही मोडता येते. तिला 'कॅश आउट' म्हणतात. बुकीने देऊ केलेले सुमारे 72 हजार पाउंड घेऊन त्या माणसाने पैज मोडली. दोन महिन्यांनी लेस्टर जिंकले.

ही गोष्ट वर्गात सांगितली की मुले एकसुरात 'अरेरे!' म्हणतात. तो चुकला, असे बहुतेकांना वाटते. पण तो चुकला हे आपण कशावरून ठरवतो? लेस्टर जिंकले यावरून. आणि ते तर मार्चमध्ये कुणालाच ठाऊक नव्हते.

दहावीच्या गणितात संभाव्यता येते, तेवढी इथे पुरते. 72 हजारांना अडीच लाखांनी भागले की 0.29 येते. लेस्टर जिंकण्याची शक्यता शंभरात 29 पेक्षा कमी वाटत असेल तर पैज मोडणे फायद्याचे, जास्त वाटत असेल तर थांबणे फायद्याचे. समजा, त्या माणसाच्या मते ती शंभरात 40 होती. मग त्याच्या चिठ्ठीची सरासरी किंमत एक लाख पाउंड झाली आणि त्याने 28 हजार सोडले. हा मूर्खपणा झाला का?

याचे उत्तर 1738 मध्येच डॅनिएल बर्नुली या गणितज्ञाने दिले आहे. एका अत्यंत गरीब माणसाला लॉटरीचे तिकीट सापडते. त्यावर 20 हजार डुकाट मिळण्याची आणि काहीच न मिळण्याची शक्यता सारखीच आहे. ते त्याने 9 हजारांना विकले तर चुकले का? बर्नुली म्हणतो, नाही. उलट एखाद्या श्रीमंताने ते 9 हजारांना घ्यायचे नाकारले, तर तो मात्र चुकला. पहिल्या हजारांनी गरिबाचे आयुष्य बदलते, नंतरच्या हजारांनी तितके बदलत नाही. आपल्या गोष्टीतला श्रीमंत म्हणजे बुकी. त्याच्याकडे अशा हजारो चिठ्ठ्या असतात, एखादी बुडाली तरी सरासरी त्याच्याच बाजूची.

ही सरासरी तो कशी राखतो तेही पाहू. समजा, दोन तुल्यबळ संघ आहेत. 100 पाउंड लावले तर जिंकल्यावर 200 मिळायला हवेत; बुकी 190 देतो. म्हणजे चिठ्ठी हातात पडली तेव्हाच तिची किंमत 95 झाली. मध्यंतराला आपला संघ आघाडीवर आहे आणि आता जिंकण्याची शक्यता शंभरात 80 आहे. चिठ्ठीची किंमत 190 गुणिले 0.8, म्हणजे 152. बुकी 144 देऊ करतो. एकदा घेताना कापले, पुन्हा मोडताना कापले. मोडण्याची सोय ही बुकीची मेहरबानी नव्हे. ज्याच्यासाठी रक्कम आयुष्य बदलणारी आहे, त्याने ही कपात सोसणे समजू शकते. दर आठवड्याला दहा-वीस पाउंडांच्या पैजा मोडत बसणारा मात्र नुसतीच कपात भरत राहतो.

मग लोक का मोडतात? पुढे होणारी चुटपुट नको म्हणून. 1982 मध्ये डॅनिएल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी लोकांपुढे दोन भागधारक ठेवले. एकाने चांगले शेअर विकून दुसरे घेतले. दुसऱ्याने बदलायचा विचार केला, पण बदलले नाहीत. दोघांचेही सारखेच, 1200 डॉलरचे नुकसान झाले. जास्त हळहळ कोणाला? बहुतेकांनी पहिल्याचे नाव घेतले. स्वतः काही केले आणि बिघडले की ते अधिक लागते. पैज मोडताना पेच असा, की मोडणे ही कृती आहे, पण समोर पैसे दिसत असताना न मोडणेही कृतीसारखेच वाटू लागते. मोडली तरी सामना संपेपर्यंत चालतोच, आणि निकाल कानावर आल्यावाचून राहत नाही.

चुटपुट लागायला हे कानावर येणेच कारणीभूत असते. 2004 मध्ये फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी दोन चक्रांतून एक निवडण्याचा खेळ लोकांना दिला. न निवडलेल्या चक्रावर काय आले असते हे दाखवले, की जिंकलेली माणसेही खट्टू होत. डोळ्यांच्या वर, कपाळामागे असलेल्या मेंदूच्या भागाला इजा झालेल्या रुग्णांना हरल्याचे वाईट वाटे, पण ही चुटपुट नव्हती. आणि ती टाळण्यासाठी पुढची निवड बदलणेही ते शिकले नाहीत. तेव्हा ही भावना निरुपयोगी नाही. अडचण एवढीच, की ती घडलेल्या एकाच निकालाशी तुलना करते. निर्णय घेताना समोर असलेले बाकीचे निकाल तिला दिसत नाहीत. कांदा चाळीत ठेवायचा की आजच्या भावाने विकायचा, या प्रश्नाशी ज्या घरांचा संबंध येतो, तिथल्या मुलांना हे लगेच समजेल. भाव चढला की 'बाबांनी घाई केली', पडला की 'बाबा हुशार'. बाबांचा हिशेब दोन्ही वेळा तोच असतो.

वर्गात करून पाहायचे असेल तर पैसे नकोत, चिंचोके घ्यावेत. प्रत्येकाला पर्याय द्यावा: चार चिंचोके आत्ता घ्या, किंवा नाणे उडवा, छापा आला तर दहा, काटा आला तर शून्य. नाणे उडवण्याआधीच प्रत्येकाने निवड आणि तिचे कारण वहीत लिहावे. चार घेणाऱ्यांपैकी निम्म्यांसमोर त्यांचे नाणे उडवून दाखवावे, निम्म्यांचे उडवूच नये. मग 'निर्णय बरोबर होता का?' असे सर्वांना विचारावे आणि उत्तरे आधी लिहिलेल्या कारणांशेजारी ठेवून वाचावीत.