समासातली खरड

संक्रांतीला पुतणी धर्माबादला आली होती. अंगणात मिरची वाळत पडलेली आणि ही ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसलेली. नोकरी सांभाळून ती एका मुक्तस्रोत प्रणालीला हातभार लावते. मुक्तस्रोत म्हणजे जिचा कोड कुणीही वाचावा, सुधारावा अशी.

"काका, वीस वर्षांचा कोड आहे. कुणी टॅब दिलाय, कुणी मोकळ्या जागा, कंस वाटेल तिथे. एक आज्ञा दिली की क्षणात सगळं एकसारखं होईल. करू का?"

मला १९९९ साल आठवले. आमची शाखा संगणकावर जात होती. जुन्या खतावण्यांच्या समासात पेन्सिलीच्या, लाल शाईच्या खरडी होत्या. "त्या उतरवू नका, नक्कल स्वच्छ हवी," असे मीच बजावले. पुढे एक हमाल वारला. त्याचा वारसाचा अर्ज भलत्याच फाईलमध्ये होता आणि त्या फाईलचा क्रमांक होता फक्त समासात. त्याची बायको हेलपाटे घालत राहिली. संगणकावर तिच्या नावाचा मागमूस नव्हता.

पुतणी गंभीर झाली. म्हणाली, "आमच्याकडेही समास असतो." लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट तयार केले. कोडची प्रत्येक ओळ शेवटी कुणी, केव्हा, कशासाठी बदलली, ते त्यात दिसते. सगळा कोड एकदम आवरला, की ओळीओळीवर आवरणाऱ्याचेच नाव येते आणि मूळ कारण एक थर खाली जाते. शिवाय इतरांची अर्धी राहिलेली दुरुस्ती त्यावर आदळते ती वेगळीच. म्हणून लिनक्सची मंडळी नुसत्या रंगरंगोटीला नाके मुरडतात. २०१९ पासून अशी आवराआवर वगळून मागचा इतिहास पाहण्याची सोय गिटमध्ये आहे. पण ती वगळायची, तर आवराआवर वेगळी नोंदलेली हवी.

मग आवरायचेच नाही का? तसे नव्हे. आमच्याच गोदावरीच्या काठी, पैठणला, एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली. १२९० च्या त्या ग्रंथात नकलांमधून पाठभेद शिरले होते, अर्थ हरवत होता. नाथांनी हात घातला, पण शेवटी शकासह तशी नोंद ठेवली आणि पुढच्यांना आपल्या ओव्या घुसडू नका म्हणून बजावले.

पुतणीने ठरवले, की दुरुस्तीला जी फाईल उघडायची तेवढीच आवरायची. त्याआधी तिच्यावर काम करणाऱ्यांना विचारायचे. आवराआवरीची नोंद निराळी, दुरुस्तीची निराळी. बाकीचा कोड वेडावाकडा असला तरी चालतो आहे, तर चालू द्यावा.

लॅपटॉप मिटताना तिने विचारले, "त्या बाईंना पैसे मिळाले का?"

"मिळाले. चौदा महिन्यांनी. जुनी खतावणी रद्दीत गेली नव्हती म्हणून."