घायपातांचा हिवाळा

कमरीपेठेच्या दाटीत अंगण दुर्मीळच; म्हणून आमची बाग गच्चीवर वसली आहे. तीत मोगरा नाही की जास्वंद नाही. आहेत ती घायपाते, कोरफडी, पानफुटी आणि त्यांची दूरदेशीची भावंडे. हा पसारा मूळचा आमचा नव्हे. धारवाडच्या एका ज्येष्ठ शिक्षकांना गुडघ्यांमुळे जिना चढवेना, तेव्हा त्यांनी आपल्या 43 कुंड्या आमच्या स्वाधीन केल्या, लेकी सासरी धाडाव्यात तशा.

त्यांत व्हिक्टोरिया राणीच्या नावाचे एक घायपात होते. मेक्सिकोच्या खडकाळ डोंगरांतले हे झाड फार मंदगती. गुरुजींनी ते बीपासून वाढवले होते आणि अठरा वर्षांत ते जेमतेम नारळाएवढे झाले होते. पानापानावर खडूने ओढल्यासारख्या पांढऱ्या रेघा!

थंडी पडू लागली तसे आम्ही एक विलायती पुस्तक उघडले. हिवाळ्यात ही झाडे काचघरात न्यावीत आणि दारे बंद ठेवावीत, असा त्यात उपदेश होता. तिकडे तो योग्यच. पारा शून्याखाली उतरला की मांसल पानांतील पाणी गोठते आणि पेशी फुटतात. पण हुबळीचा पौष तो कितीसा? पहाटे 14-15 अंश, दुपारी 29-30. तरीही आम्ही ग्रंथप्रामाण्य मानून बांबू आणि प्लॅस्टिकचे कापड यांचे हरितगृह उभारले व रोज सायंकाळी त्याचे पडदे घट्ट बांधू लागलो. वर सर्व कुंड्यांना आठवड्यातून दोनदा पाणी!

कुंड्यांची ओल आतच कोंडली. पहाटे छताच्या आतल्या बाजूने थेंब ठिबकत. जानेवारीच्या अखेरीस राणीच्या गाभ्याला सहज हात लावला, तो मधला कोंब अलगद हातात आला. खाली काळपट लगदा आणि आंबूस वास.

धारवाडला जाऊन हे सांगणे भाग होते. शाळेतल्या मुलाने फुटलेली पाटी दाखवावी तसे आम्ही तो कोंब घेऊन उभे राहिलो. गुरुजींनी तो बराच वेळ न्याहाळला.

"हेडमास्तर, घोंगडी माणसाला पांघरायची. घायपाताला कशाला?" एवढेच म्हणाले आणि चहा सांगितला.

शास्त्र आम्ही नंतर वाचले. क्रम उलटा हवा होता. पानफुटीचे पान सकाळी आंबट आणि दुपारी जवळजवळ बेचव लागते, हे मद्रास इलाख्यात नोकरीस असलेल्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने चव घेऊन ओळखले होते. त्याचे हे निरीक्षण लंडनच्या लिनियन सोसायटीने 1815 साली छापले. कारण पुढे उलगडले. पाणी वाचावे म्हणून अशा झाडांची रंध्रे दिवसा मिटलेली असतात. ती रात्री उघडतात, कर्बवायू आत घेतात आणि तो आम्लाच्या रूपाने साठवतात. घायपाताचीही रीत हीच. म्हणजे ज्या वेळी त्यांना मोकळी हवा हवी, नेमके त्याच वेळी आम्ही पडदे बांधत होतो.

आता छप्पर तेवढे ठेवले आहे, बाजू उघड्या. आपल्याकडे छप्पर लागते ते थंडीसाठी नव्हे, जून ते सप्टेंबरच्या झडीसाठी आणि ऑक्टोबरातल्या परतीच्या सरींसाठी. मातीत निम्मी जाड रेती व विटांचे तुकडे. हिवाळ्यात घायपातांना तीन आठवड्यांनी एकदा पाणी, तेही सकाळी आणि कुंडीच्या कडेने. गाभ्यात थेंब नाही. दक्षिण आफ्रिकेच्या हॉवर्थियांना मात्र याच दिवसांत जाग येते, त्यांची माती वाळली की पाणी द्यावे. सर्वांना एकाच झारीने सारखे पाणी घालणे हा आमचा दुसरा अपराध होता. पानांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण लपतो. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने तो पुसून घ्यावा.

गेल्या मार्गशीर्षात गुरुजींनी निरोप धाडून बोलावले. खिडकीत एक लहान कुंडी होती, राणीच्याच जातीचे, बीपासून केलेले रोप. ते आमच्या हाती देताना त्यांनी पडद्यांची चौकशी केली. काढले, म्हणून सांगितले, तेव्हाच कुंडी सोडली. रोप अजून सुपारीएवढेच आहे.