पैठणीच्या तुकड्यांतून खडकवासल्याचं पाणी : कात्री लावण्याआधी हे वाचा

व्हिडिओत आपण जुन्या पैठणीच्या तुकड्यांतून खडकवासला धरणाचं पाणी आणि मागे सिंहगड अशी फ्रेम केली. रेशमाबद्दल एक गोष्ट घाईत राहिली, ती इथे सांगते.

जुन्या रेशमावर थेट एम्ब्रॉयडरी करू नका. घड्यांवर कापड विरलेलं असतं. दाट टाके पडले की तिथेच फाटतं. आणि गिऱ्हाइकाच्या आईची साडी बाजारात परत मिळत नाही!

म्हणून असं करा :

1. तुकड्याच्या मागे पातळ फ्युजिंग लावा. वर सुती कापड, इस्त्री रेशमाच्या खुणेवर. आधी कोपऱ्यावर करून बघा.
2. तुकडे थोडे एकमेकांवर चढवून सुती कापडावर टाचा, रिंगमध्ये ताणा.
3. 11 नंबरची नवी सुई घाला, मशीनचे दाते खाली करा, लाटांसारखे विरळ टाके फिरवा. जरीचा काठ शक्यतो मोकळा सोडा. चमक त्याचीच आहे.

आता किंमत. 6 तास, तासाला 100 रुपये, साहित्य 250 : हे 850 झाले, नफा त्यानंतर. कापड गिऱ्हाइकाचं असलं तरी तुमचे तास फुकट नाहीत. आणि कापण्याआधी होकार लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर चालेल.