इंजिन सुरू होतानाचा धूर

इंजिन सुरू होतानाचा धूर म्हणजे मोटारीचे इंजिन बराच वेळ बंद राहून पुन्हा सुरू केल्यावर निष्कास नळीतून, म्हणजेच सायलेन्सरमधून, काही सेकंद ते काही मिनिटे बाहेर पडणारा दृश्य धूर होय. पुष्कळ चाललेल्या इंजिनांत तो विशेषकरून आढळतो. धुराचा रंग, त्याचा वास, तो टिकण्याचा काळ आणि तो पुन्हा केव्हा दिसतो, या चार गोष्टींवरून त्याच्या कारणाचा बराचसा उलगडा होतो. एकाच रंगाच्या धुरामागे कडक झालेले छोटे रबरी सील असू शकते किंवा सिलिंडरची झीजही असू शकते. या दोहोंच्या दुरुस्तीच्या खर्चात मोठी तफावत असल्याने इंजिन उघडण्यापूर्वी योग्य निदान होणे महत्त्वाचे ठरते.

पार्श्वभूमी

चालू इंजिनात होणारी किरकोळ गळती ज्वलनाबरोबर सतत जळून जाते आणि डोळ्यांना दिसत नाही. इंजिन बंद असताना मात्र हीच गळती एका जागी साठत राहते. सिलिंडर हेडमध्ये उरलेले वंगणतेल (ऑइल) गुरुत्वाकर्षणाने खाली झिरपते. शीतकरण प्रणाली थंड होईपर्यंत तिच्यात दाब शिल्लक असतो व त्या दाबाने कूलंट एखाद्या बारीक भेगेतून सिलिंडरमध्ये शिरू शकते. इंजेक्टर नीट बंद होत नसल्यास त्यातून इंधन ठिबकते. सकाळी इंजिन सुरू होताच हा सर्व साठा एकदम जळतो किंवा वाफ होऊन बाहेर पडतो. त्याशिवाय थंड इंजिनात पिस्टन व सिलिंडर यांच्यातील फट तुलनेने मोठी असते आणि मिश्रणात इंधनाचे प्रमाणही अधिक ठेवलेले असते. त्यामुळे तापलेल्या इंजिनात झाकले जाणारे दोष पहिल्या मिनिटात उघड होतात.

निळसर धूर

निळसर किंवा निळसर-करडा धूर आणि जळक्या तेलाचा वास ही वंगणतेल जळत असल्याची खूण आहे. त्याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

झडपेचे सील: झडपेचा (व्हॉल्व्हचा) दांडा ज्या नळीतून वरखाली सरकतो तिला गाइड म्हणतात. गाइडच्या तोंडावर बसवलेले रबरी सील दांड्यावरून उतरणारे तेल आवश्यक तेवढेच खाली जाऊ देते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर कडक होते, त्याची कड झिजते आणि रात्रभरात काही थेंब तेल झडपेच्या मागे किंवा सिलिंडरमध्ये उतरते. अशा इंजिनातून सुरू होताच निळा लोट निघतो व थोड्याच वेळात नाहीसा होतो. बराच वेळ जागेवर चालू ठेवल्यानंतर, किंवा ॲक्सिलरेटर सोडून घाटाचा लांब उतार उतरल्यानंतर पुन्हा वेग देतानाही तो दिसतो. अशा वेळी इनटेक मॅनिफोल्डमधील हवेचा दाब खूप कमी झालेला असल्याने तेल गाइडमधून आत ओढले जाते. गाइडच झिजलेले असल्यास नवे सीलही लवकर निकामी होते.

पिस्टन रिंग: झिजलेल्या किंवा कार्बन साचून अडकलेल्या रिंगांमुळे तेल पिस्टनच्या बाजूने वर येते. हा धूर केवळ सुरुवातीला न दिसता वेग घेताना, चढावर आणि भाराखाली अधिक दिसतो. ज्वलनाचे वायू रिंगांना ओलांडून क्रँककेसमध्ये उतरत असल्याने तेल भरण्याचे झाकण उघडले असता तेथून धूर व दाब जाणवतो.

क्रँककेस वायुवीजन: क्रँककेसमधील वायू पुन्हा इंजिनात घेणारी पीसीव्ही झडप बंद पडली किंवा अडकली, तर तेल मॅनिफोल्डमध्ये ढकलले किंवा ओढले जाते. लक्षणे रिंग खराब झाल्यासारखीच असतात, परंतु दुरुस्ती अल्प खर्चाची असते.

टर्बोचार्जर: टर्बोच्या दांड्याभोवतीची झीज किंवा तेल परत नेणारी नळी तुंबणे यामुळे तेल हवेच्या अथवा निष्कासाच्या बाजूस गळते व पुढच्या वेळी जळते.

सिलिंडर आडवे असलेल्या बॉक्सर रचनेच्या इंजिनांत, उदाहरणार्थ पोर्शे ९११ किंवा सुबारूच्या मोटारींत, बंद असताना थोडे तेल सिलिंडरमध्ये साचू शकते. अशा इंजिनातून अधूनमधून निघणारा क्षणिक निळा धूर हा दोष असतोच असे नाही. डिपस्टिकवरील कमाल खुणेच्या वर तेल भरल्यानेही धूर येऊ शकतो.

पांढरा धूर

पांढऱ्या धुराचे दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. पहिला प्रकार निरुपद्रवी आहे. पेट्रोलमधील हायड्रोजनचे ज्वलन होऊन पाणी तयार होते. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडते. थंड नळीत ही वाफ सूक्ष्म थेंबांत बदलून पांढरी दिसते, नळीतून पाणी ठिबकते आणि नळी तापताच वाफ दिसेनाशी होते. तिला वास नसतो व ती हवेत लगेच विरते.

दुसरा प्रकार गंभीर आहे. हेड गॅस्केट फाटणे, सिलिंडर हेड वाकणे किंवा त्यास तडा जाणे यामुळे कूलंट ज्वलनकक्षात शिरते. हा धूर दाट असतो, हवेत रेंगाळतो, इंजिन तापल्यावरही थांबत नाही आणि कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉलमुळे त्यास गोडसर वास येतो. सुरुवातीचे काही सेकंद एखादा सिलिंडर न पेटल्याने इंजिन थरथरते आणि बाहेर कोठेही गळती न दिसता कूलंटची पातळी घटत जाते. गळती वाढून सिलिंडरमध्ये द्रव भरल्यास, द्रव दाबला जात नसल्याने, सुरू करताना कनेक्टिंग रॉड वाकण्याचा धोका असतो.

डिझेल इंजिनात पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे न जळालेल्या डिझेलचे सूक्ष्म थेंब होत. निकामी ग्लो प्लग, कमी झालेले कॉम्प्रेशन किंवा बिघडलेले इंजेक्टर ही त्याची सामान्य कारणे आहेत.

काळा धूर

काळा धूर अपूर्ण जळालेल्या इंधनाची काजळी असतो. पेट्रोल इंजिनात गळके इंजेक्टर, इंधनाचा अधिक दाब, तुंबलेला एअर फिल्टर किंवा कूलंटचे तापमान चुकीचे दर्शवणारा संवेदक यांमुळे मिश्रणात इंधन जास्त होते. कण-गाळणी (डीपीएफ) असलेल्या डिझेल मोटारीतून काळा धूर दिसणे हे गाळणी फुटल्याचे किंवा काढून टाकल्याचे चिन्ह मानले जाते.

निदानाची पद्धत

निदान सोप्या व बिनखर्चाच्या तपासण्यांपासून सुरू करून क्रमाने पुढे नेले जाते.

१. थंड निरीक्षण: मोटार रात्रभर उभी ठेवून, एकाने इंजिन सुरू करावे व दुसऱ्याने मोकळ्या जागेत बाजूला उभे राहून रंग, वास आणि कालावधी नोंदवावा. नळीपासून थोड्या अंतरावर कोरा कागद धरल्यास पाण्याचे थेंब वाळून जातात, तर तेलाचे डाग राहतात.

२. पातळ्यांची नोंद: सपाट जागेवर, इंजिन थंड असताना तेल व कूलंटची पातळी पाहावी आणि १,००० किलोमीटरनंतर पुन्हा पाहावी. तेल भरण्याच्या झाकणाखालील दुधट थर कूलंट मिसळल्याने येतो, तसाच तो केवळ कमी अंतराच्या फेऱ्यांमध्ये साचणाऱ्या बाष्पानेही येतो. त्यामुळे एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये आणि विषारी असलेले कूलंट चाखून पाहू नये.

३. पीसीव्ही झडप व तिच्या नळ्या तपासाव्यात.

४. तापलेल्या इंजिनावर चाचणी: काही मिनिटे जागेवर चालू ठेवून अचानक वेग दिल्यास निघणारा लोट झडपांच्या सीलकडे, तर भाराखाली सतत निघणारा धूर रिंगांकडे निर्देश करतो.

५. स्पार्क प्लग: तेलकट, काळा प्लग त्या सिलिंडरमध्ये तेल येत असल्याचे, तर इतरांपेक्षा फारच स्वच्छ धुतलेला प्लग कूलंटच्या वाफेचे चिन्ह असतो.

६. कॉम्प्रेशन चाचणी: प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून निर्मात्याच्या मर्यादेशी व परस्परांशी ताडून पाहतात. पेट्रोल इंजिनात दाब कमी आढळल्यास सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा मोजतात. दाब वाढल्यास रिंग, न वाढल्यास झडपा किंवा गॅस्केट दोषी ठरतात.

७. लीक-डाउन चाचणी: पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये दाबयुक्त हवा सोडतात. हवेचा आवाज तेलाच्या झाकणातून आल्यास रिंग, सायलेन्सरमधून आल्यास निष्कास झडप आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आल्यास हेड गॅस्केट सदोष समजतात.

८. रासायनिक चाचणी: कूलंटवरील वायू ब्रोमोथायमॉल ब्लू या निळ्या द्रावणातून ओढतात. ज्वलनातील कार्बन डायऑक्साइड असल्यास पेट्रोल इंजिनाच्या बाबतीत द्रावण पिवळे होते.

कॉम्प्रेशन व लीक-डाउन या चाचण्या झडपेचे सील तपासत नाहीत, कारण सीलचा ज्वलनकक्षाचा दाब धरून ठेवण्याशी संबंध नसतो. म्हणूनच सुरुवातीला निळा धूर आणि तरीही सर्व सिलिंडरांचा दाब योग्य असेल, तर टर्बोचार्जर व पीसीव्ही झडप निर्दोष असताना दोष सीलमध्ये असण्याची शक्यता सर्वाधिक असते.

ज्ञात उदाहरणे

बीएमडब्ल्यूचे एन६२ हे आठ सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन झडपांचे सील कडक होण्यासाठी ओळखले जाते. काही काळ जागेवर चालल्यानंतर वेग देताच त्यातून निळा लोट निघतो. याउलट टोयोटाच्या २.४ लिटरच्या २एझेड-एफई इंजिनाच्या काही वर्षांच्या आवृत्तीत तेल जास्त खर्च होण्याचे मूळ पिस्टन व तेल-रिंग यांच्यात होते आणि त्यावर सुधारित पिस्टन व रिंग बसवण्याचा उपाय करण्यात आला. दोन्ही इंजिनांत तेलच जळत असले, तरी एकावरील उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

दुरुस्ती व दुर्लक्षाचे परिणाम

अनेक इंजिनांत सिलिंडर हेड न उतरवता, सिलिंडरमध्ये दाबयुक्त हवा भरून झडपा वर धरून सील बदलता येतात. रिंग बदलण्यासाठी मात्र पिस्टन काढावे लागतात. जाड तेल वापरल्याने धूर तात्पुरता कमी होतो, पण झीज भरून निघत नाही. तेल दीर्घकाळ जळत राहिल्यास त्यातील फॉस्फरस उत्प्रेरक परिवर्तकावर (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर) साचून तो निकामी होतो. तेलाची पातळी न पाहता मोटार चालवत राहिल्यास बेअरिंग खराब होऊन मूळ दोषापेक्षा मोठी हानी होते. कूलंटच्या गळतीकडे दुर्लक्ष केल्यास इंजिन अतितापून हेड वाकते.

भारतातील पीयूसी तपासणीत पेट्रोल मोटारीचा निष्कास वायू इंजिन तापलेले असताना मोजला जातो. त्यामुळे वैध प्रमाणपत्र असलेल्या मोटारीतही सुरुवातीच्या धुराचा दोष असू शकतो. याच कारणाने वापरलेली मोटार खरेदी करताना ती आधीपासून तापवून ठेवलेली नाही याची खात्री करून, पूर्ण थंड अवस्थेत आपल्यासमोर सुरू करून पाहणे हितावह असते.